डाव्या चाकातलं जातं

पिकपमध्ये माझी जागा ठरलेली होती. बाबा उजवीकडे स्टेअरिंगवर, मी डावीकडे दाराला टेकून, आणि मधे आत्यानं फडक्यात बांधून दिलेल्या भाकऱ्या. सीटची गादी आमच्याकडे येण्याआधीच उंदरांनी खाल्ली होती, म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलेलं. गोणपाटाखाली पत्रा, आणि पत्र्यापलीकडे, अगदी माझ्या पायाशी म्हणा ना, पुढचं डावं चाक. हे एवढं बैजवार सांगते, कारण पुढचं सगळं त्या जागेमुळे घडलं. मी मागे हौद्यात बायकांबरोबर बसत असते तर मला ते इतकं ऐकू आलं नसतं, आणि मग ओळखूही आलं नसतं.

आमचं घर कडावच्या अलीकडे, शेताच्या कडेला. घरात चार माणसं. आजा, म्हणजे बाबांचे वडील, त्यानं जन्मभर बैलगाडी हाकली. बाबा. बाबांची मोठी बहीण यमुआत्या, नवरा गेल्यावर माहेरी आली ती चूल ताब्यात घेऊनच बसली. आणि मी शेवंता, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. आई मी चार वर्षांची असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, फोटो वगैरे काढायची आमच्यात पद्धत नव्हती. आठवतं ते एवढंच, की ती एक पाय लांब पसरून जात्यावर बसायची आणि मी त्या पायावर डोकं ठेवून पडायचे. जात्याची घरघर मला कानातून यायचीच नाही, ती तिच्या मांडीच्या हाडातून माझ्या डोक्यात शिरायची. जड, उबदार, गोल गोल फिरणारी. ती गेल्यावर आत्यानं जातं कोपऱ्यात सरकवलं आणि तांदळाचं पीठ कडावच्या गिरणीतून यायला लागलं. आत्याच्या भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र आणि पातळ व्हायच्या, सुकटीबरोबर मी तीन-तीन खायचे. पण घरातून तो आवाज गेला तो गेलाच.

आई कशी गेली ते साऱ्या गावाला माहीत होतं आणि घरात कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या खेपेला अडली. बाबा तेव्हा खोपोलीला कारखान्यात, कामावर. आजानं तिला बैलगाडीत घालून कर्जतच्या दवाखान्याकडे नेलं, आणि वाटेत सातविणीच्या वळणावर ती संपली, पोटातल्या जिवासकट. अशी बाई अळवंतीण होऊन, म्हणजे भूत होऊन, घरी परतते म्हणतात. म्हणून तिला नेताना वाटेवर मोहरी फेकत जायची असते, म्हणजे ती परत निघाली तरी एकेक दाणा वेचत बसते आणि घरापर्यंत पोचत नाही. आत्या सांगायची, मोहरीनं भरलेलं सूप आणलं होतं, पण आजानं हातानं उडवून लावलं. म्हणाला, "येऊ दे की घरी. तिचंच घर हाय." तेव्हापासून त्या वाटेवर काही झालं की गाव आमच्या आजाकडे बघायचं.

बाबांनी कारखाना सोडला आणि लष्कराच्या लिलावातली जुनी पिकप घेतली ती कशासाठी, हे त्यांनी एकदाच, तेही आत्याला सांगितलं होतं. "आपल्या वाडीतली बाई पुन्हा बैलगाडीतून दवाखान्यात जायची नाय." खोपोलीच्या एका मिस्त्रीकडून त्यांनी गाडी पहिल्यापासून करून घेतली. ब्रेकचे लायनर नवे, पुढच्या दोन्ही चाकांची बेरिंगं नवी. आत्यानं बॉनेटवर हळदीचे पाच पट्टे ओढले, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुधाच्या किटल्या आणि बाजाराच्या बायका घेऊन आमची कर्जतची खेप सुरू झाली. मी शिवण शिकायला कर्जतला जायचे, म्हणून ती पुढची सीट माझी.

वाटेत ते वळण होतंच. रस्ता उतरत उतरत नदीकडे जातो आणि उजवीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे जाताना आपल्या डाव्या हाताला, ती सातवीण, सप्तपर्णीचं झाड, उभी. उतारावर बाबा इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायचे, पेट्रोल वाचावं म्हणून. मग काही आवाज नाही. नुसता वारा, आणि मागे किटल्यांची झाकणं वाजतात तेवढंच. वळणाच्या थोडं अलीकडे बाबा आपल्या बाजूची काच हँडल फिरवून वर करायचे. धूळ येते म्हणायचे. पावसाळ्यातसुद्धा धूळ येते म्हणायचे.

आणि तिथं, इंजिन बंद असताना, गाडी उजवीकडे झुकली की माझ्या पायाखालून जातं सुरू व्हायचं.

मी जातंच म्हणते, कारण मला दुसरा शब्द कधी सुचलाच नाही. घुर्र… घुर्र… जड, गोल गोल. कानातून नाही, पत्र्यातून, पायातून, बसल्या हाडातून वर येणारं. वळण संपलं की विरून जायचं. संध्याकाळी परत येताना त्याच जागेवर मी श्वास रोखून बसायचे, पण तेव्हा काही नाही. अगदी चूप. मागच्या बायकांनाही हळूहळू ते ऐकू यायला लागलं. शेजारच्या बायजाकाकू पहिल्यांदा बोलल्या, "जाताना वळणावर चढते गं ती, येताना तिथंच उतरते." दुसरी म्हणाली, "तिला कर्जतला जायचंय. पोचली नाय ना कधी." त्यानंतर वळण आलं की हौद्यात सगळ्या पदर डोक्यावर घेऊन गप्प बसायच्या. चाळीस कोसांतल्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या बायका, पण तेवढ्या दहा-वीस कदमांत कोणी खोकायचीसुद्धा नाही.

मला भीती वाटायची का? वाटायची. अंगावर काटा यायचा. पण खरं सांगायचं तर मी त्या वळणाची वाट बघायचे. चप्पल काढून अनवाणी पाय पत्र्यावर ठेवायचे, म्हणजे जास्त कळावं. आवाज दिवसेंदिवस वाढत होता, आता सरळ रस्त्यावरही बारीक ऐकू यायचा, आणि मला वाटायचं ती जवळ येतेय. आता लिहिताना वाटतं, किती वेडी पोर होते मी. आणि किती एकटी.

श्रावणाच्या सुमारास एका शनिवारी दुपारी बाबा जेवून पडवीत लवंडले होते. मी भांडी घासायला मागल्या दारी गेले, तर आजा गाडीच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसलेला. चाकाच्या मधोमध वाटीएवढी पत्र्याची टोपी असते, ती त्यानं कोयतीच्या टोकानं काढली होती. शेजारी बांबूचा नळा. तो नळा मी ओळखला. बैलगाडीच्या आखाखाली, म्हणजे चाकांच्या कण्याखाली, लटकवलेला असायचा तो, वंगणाचा. करंजाचं तेल आणि जाळलेल्या पेंढ्याची काळी राख कालवून आजा घरीच वंगण करायचा, साऱ्या गावात तसं कोणाचं व्हायचं नाही. काडीनं तो ते चाकात भरत होता आणि ओठ हलत होते. मला बघून दचकला.

"आजा, काय करतोस रं?"

"काय नाय. चाक कोरडं पडू नये." मग माझा हात धरला. त्याची बोटं तेलानं निसरडी झालेली. "बाबाला नको सांगू हां. तो यंत्राचा माणूस, हसल."

मी नाही सांगितलं. दर शनिवारी तो ते करायचा आणि मी पाळत ठेवायचे. मला वाटलं, आईला नैवेद्य द्यावा तसं काहीतरी आहे, आणि ते आम्हा दोघांतच आहे, हे मला आवडत होतं.

नवरात्र संपलं आणि सातवीण फुलली. तिचा तो गोड, घुसमटणारा वास दूरवरून यायचा. त्याच दिवसांत ब्रेकचं सुरू झालं. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग त्यांच्या हातात थडथडायचं, पलीकडून कोणीतरी दुसऱ्यानं धरून हलवावं तसं. आणि गाडी डावीकडे ओढायची. बाबा दोन्ही हातांनी उजवीकडे धरून ठेवायचे, कपाळावर घाम. "काय होतंय बाबा?" मी विचारलं, तर म्हणाले, "रस्ता खराब हाय." रस्ता आदल्याच आठवड्यात दुरुस्त झाला होता.

मग ती सकाळ. मागे सहा बायका, बायजाकाकूंची सून पोटुशी होती तीही त्यात. उतारावर इंजिन बंद, काच वर, फुलांचा वास भरलेला. जातं सुरू झालं, पण त्या दिवशी ते खूप जोरात होतं, आणि मधेच दगडाला दगड घासावा तसा कर्र आवाज. समोरून गुरं आली. बाबांनी ब्रेक दाबला. सगळी गाडी थरथरली, माझे दात एकमेकांवर वाजले, आणि गाडीनं तोंड सरळ सातविणीकडे वळवलं. बाबा स्टेअरिंगवर आडवे झाले होते. थांबलो तेव्हा बॉनेट आणि झाडाचं खोड यांत माझा हात मावला असता एवढी जागा होती. किटल्या आडव्या, दूध उतारावरून वाहत चाललेलं. बायका एकेक करून उतरल्या आणि पायी चालू लागल्या. बायजाकाकू तेवढ्या बाबांच्या खिडकीशी आल्या. "दादू, तिला जायाचं असंल तर ने बापडा. पण आमाला नको रं मधी घेऊ."

दुसऱ्या दिवशी अंगणात एकही किटली आली नाही, एकही बाई नाही. आत्या म्हणाली देवऋष्याला बोलवूया. बाबा ओट्यावर बसून होते. म्हणाले, "उद्या खोपोलीला नेतो. तिथंच भंगारात देऊन येतो. दोन जिवांची बाई होती गाडीत, यमे. ज्याच्यासाठी घेतली तेच करायला निघाली ही." इतक्या हळू बोलले की ते ऐकता ऐकता आत्याचा तव्यावरचा पोळा उलथायचा राहिला आणि करपला.

गाडी गेली की आई गेली, दुसऱ्यांदा. मी म्हटलं मी येते. सकाळी बघते तो आजा आधीच हौद्यात जाऊन बसला होता.

पळसदरीवरून आम्ही सावकाश, बैलगाडीच्या चालीनं खोपोलीला गेलो. मिस्त्रीचं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी. बोरघाटातून उतरणारे ट्रक तापलेले ब्रेक घेऊन पहिले त्याच्याच दारात यायचे. कारखान्यातल्या हातोड्यांनी मिस्त्रीचे कान गेलेले होते, त्यामुळे त्याच्याशी सगळं ओरडून बोलावं लागायचं. तिथं कुणाचं काही गुपित राहणं शक्यच नव्हतं.

"आवाज कधी येतो?"

"वळणावर," बाबा ओरडले.

"कुठल्या?"

"सातविणीच्या."

"झाडाचं नाव काय करू मी? डावं वळण का उजवं?"

बाबांना सांगता येईना. मी म्हटलं, "उजवं. उजव्याला वाढतो, डाव्याला बंद होतो." मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. तू कुठं बसतेस, म्हणाला. मी सीट दाखवली. मग तो मलाच विचारायला लागला. इंजिन बंद केल्यावर येतो का? येतो. गाडी हळू केली की? तोही हळू होतो. परत येताना त्याच जागी? नाही येत. मिस्त्री मान हलवत होता. "उजवीकडे वळली की सगळं वजन डाव्या चाकावर. परत येताना तेच वळण डावं, वजन उजव्यावर. साधं आहे." त्याला साधं होतं. मला एकेका उत्तरासरशी वाटत होतं, आपण आपल्या हातानं आईला गाडीतून खाली उतरवतोय.

त्यानं जॅक लावून चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं तर चाक खटखट हललं. मग लाकडाचा एक रूळ आणला, त्याचं एक टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. कान नव्हते ना, तो हाडानं ऐकायचा. बाबांनी चाक फिरवलं. मिस्त्रीनं डोळे मिटले, मग रूळ पुसून माझ्यापुढे केला. "तू ऐक. तुला रोजचं माहीत आहे."

मी दातांत धरला. आणि ते आलं, कवटीत, जसं तिच्या मांडीवरून यायचं तसं. रूळ सोडूच नये असं वाटलं. पण एवढ्या जवळून मला आणखी एक ऐकू आलं, घरघरीच्या आतली बारीक करकर. आत्या सांगायची, जात्यात कचकच, म्हणजे वाळू-खडा, गेली की दगडच दगडाला खातो, वेळेवर थांबवायचं. बाबा बघत होते. हौद्यात आजा खाली मान घालून बसला होता. मी काय बोलले की काय होणार, हे मला पुरतं कळत होतं. पण डोळ्यांपुढे बायजाकाकूंची सून येत होती, पोटावर हात ठेवून पायी चाललेली.

मी रूळ काढला आणि ओरडून म्हटलं, "जात्यात कचकच गेलीय."

मिस्त्रीनं चाकाची टोपी काढली. आत पिवळं ग्रीस असायला हवं, तिथं काळं, पातळ, चमकणारं. ब्रेकचा ड्रम उतरवला तर ते झिरपत आत लायनरपर्यंत गेलेलं, म्हणून ब्रेक पकडायचा, सोडायचा आणि डावीकडे ओढायचा. बेरिंगवर नखांनी ओरबाडल्यासारखे चरे. मिस्त्री म्हणाला, आणखी आठ दिवस चाललं असतं तर चाक बाहेर आलं असतं. बाबांनी बोटावर घेऊन वास घेतला. करंज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघतोस?" आजा हौद्यातून म्हणाला. "माझं काम हाय ते."

तो उतरला, चाकाशी येऊन उभा राहिला आणि चाकाकडे बघूनच बोलला. "त्या दिशी नळा घरी ऱ्हायला होता. घाईत. आख कोरडा. सबंध वाट चाक करकरत होतं, आनि ती मागनं म्हनायची, मामंजी, चाक लय रडतंय हो. वळणावर तापून अडकलं. बैल जागचे हलंनात. मी पळत मागं गेलो वंगण आनाया." त्यानं चाकाच्या रबरावर हात टेकवला. "येऊन घातलं पन. चाक मोकळं झालं. मग वर बघितलं."

अकरा-बारा वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना एवढंच माहीत होतं की ती वाटेत गेली. "काय म्हणतो म्हातारा?" मिस्त्रीनं विचारलं. बाबा जुनं बेरिंग हातात घेऊन फडक्यानं पुसत राहिले, पुसून काही उपयोग नव्हता तरी. मग मिस्त्रीच्या कानाशी जाऊन ओरडले, "नवीन बेरिंगात ग्रीस भरायचंय ना? कसं भरतात ते माझ्या बाला दाखव. तो भरेल."

ते मी कधी विसरणार नाही. मिस्त्रीनं आजाच्या तळहातावर पिवळ्या ग्रीसचा गोळा ठेवला, बेरिंगची कड त्यात कशी दाबून ओढायची, म्हणजे ग्रीस गोळ्यागोळ्यांमधून वर कसं येतं, ते दाखवलं. आजा गॅरेजच्या दारात पाय पसरून बसला आणि एकेक घर भरत गेला. "राख नाय घालायची?" एकदाच विचारलं. "नाही बाबा, राख नाही." भरून झालं तेव्हा त्यानं ते उन्हात धरून सगळीकडून बघितलं, आणि मग बाबांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन आम्ही तिघं निघालो. उतार, इंजिन बंद, वळण. मी अनवाणी पाय पत्र्यावर ठेवले होते. काही नाही. नुसता वारा. बाबांनी मुद्दाम ब्रेक दाबला, गाडी सातविणीच्या अलीकडे सरळ, गुमान उभी राहिली. आठवड्यानं किटल्या आल्या, मग बायका आल्या, आणि पौषात बायजाकाकूंच्या सुनेला आम्हीच कर्जतला पोचवली, वेळेत. मुलगी झाली. मी मात्र त्या दिवसांत भाकरी नीट खात नव्हते. आत्याला वाटलं, माझ्या लग्नाची बोलणी चाललीत म्हणून.

एकदा मी शेणानं अंगण सारवत असताना आजा जवळ बसला होता, तेव्हा मी विचारलं, "आजा, तुझ्या राखेनंच आवाज यायचा ना रं?" तो म्हणाला, "राख मी श्रावणात घातली पहिल्यांदा. आवाज आधीचा. आवाज आला म्हनून तर घातली." नवीन बेरिंग बसेपर्यंत वाजत असेल, असं मी म्हणाले. "असंल," म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.

हे मी बाबांना सांगितलं नाही. आजा गेला, आत्या गेली, माझा संसार झाला. बाबा शेवटी-शेवटी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा एका दुपारी त्या पिकपचा विषय निघाला. मी हसत म्हटलं, "तुम्ही बाई त्या वळणावर काच वर करायचात. पावसात कुठली हो धूळ?" बाबा हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धूळ नव्हती. पहिल्या दिवशी, हळद वाळली नव्हती बॉनेटवरची, तेव्हाच ऐकलं मी. तुला ऐकू येऊ नये म्हणून काच लावायचो."

"आवाज तर माझ्या पायाखालून यायचा, बाबा. तुमच्या काचेनं काय होणार होतं?"

"तुझ्या पायाखालून?" ते वळून माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या खिडकीबाहेरून यायचा. बाजूनं कोणी पळत यावं तसा."